पान बघून औषध देणाऱ्यांनो, एकदा मूळ बघा



भात कापून झालं, झोडणीही बहुतेकांची उरकली. आता आपल्या अष्टमी-रोहा पट्ट्यात जो तो वांगी, मिरची, टोमॅटोच्या रोपांच्या मागे लागलाय. म्हणून ही नोंद आजच टाकतोय. पंधरा दिवसांनी रोपं जमिनीत गेल्यावर लिहून काही उपयोग नाही. नोंद तिखट आहे. ज्याला लागेल त्याला लागू दे, त्यात मीही आलो.

गेल्या रब्बीत माझी १२ गुंठे वांगी होती. महिनाभर झकास. मग झाडं दुपारी माना टाकायला लागली आणि संध्याकाळी परत उभी राहायची. पानं फिकी पडली, वाढ थांबली. सगळीकडे सारखं नव्हतं, शेतात मधे मधे ठिगळं पडल्यासारखं. मोबाईलवर पानाचा फोटो काढला आणि दुकानात दाखवला. "मर आहे भाऊ, बुरशीनाशकाची आळवणी करा." केली. आठ दिवसांनी परत फोटो. "मुळं चालत नाहीयेत, ह्युमिक सोडा." सोडलं. तिसऱ्या वेळी टॉनिक आणि वर सल्ला, "पाणी कमी देताय." तीन फेऱ्यांत साडेसात हजार गेले. या सगळ्यात एकदाही, ना त्याने ना मी, झाडाचं मूळ बघितलं नाही.

शेवटी वैतागून एक झाड कुदळीने खणून काढलं. मुळं कसली, आल्याचे गड्डे! तंतुमुळं जवळजवळ नाहीतच, जिथे तिथे सुजलेल्या गाठी, काही मण्यांएवढ्या, काही सुपारीएवढ्या. बांधापलीकडच्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "आरं, वालाला पण येतात की गाठी. चांगल्या असतात त्या."

काकांचं अर्धं बरोबर आहे आणि इथेच आपल्याकडचे पुष्कळ जण फसतात. वालाच्या, चवळीच्या मुळावर जिवाणूंच्या गाठी येतात, त्या हवेतलं नत्र पिकाला देतात. ती गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते, फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. वांगी, भेंडी, टोमॅटो, काकडीच्या मुळावर गाठ दिसली तर ती चांगली असूच शकत नाही. वालालाही ही वाईट गाठ येते, म्हणून नख लावून बघायचं.

आता हा प्राणी काय आहे ते थोडक्यात. सूत्रकृमी म्हणजे मातीतला दोऱ्यासारखा सूक्ष्म किडा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पिल्लू मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी बसतं आणि आजूबाजूच्या पेशी फुगवून त्यातून रस ओढतं. मादी तिथेच फुगून राहते आणि चिकट पुंजक्यात काहीशे अंडी घालते. आपल्या उबदार मातीत हा फेरा साधारण महिनाभरात पुरा होतो. म्हणजे वांग्याचं एक पीक उभं आहे तोवर चार-पाच पिढ्या. सुजलेलं मूळ पाणी वर नेऊ शकत नाही, म्हणून ओल्या जमिनीत उभं झाड दुपारी मान टाकतं. आणि मुळाला पडलेल्या जखमांतून मर रोगाचे जिवाणू आत जातात. कोकणात वांग्याला जिवाणूची मर आधीच भारी, ती या गाठींनी दुप्पट जोर धरते. दुकानदार "मर" म्हणाला ते कदाचित खोटं नसेल. पण जिवाणूच्या मरीला बुरशीनाशक कशाला? आणि दार कोणी उघडलं ते न बघता?

मर जिवाणूची आहे का, हे बघायला पेलाभर स्वच्छ पाणी पुरतं. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून पाण्यात उभा धरायचा. थोड्या वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणू. धागा नाही आणि मुळाला गाठी आहेत, तर सूत्रकृमी. दोन्ही दिसलं तर दोन्ही. या तपासाला पाच मिनिटं लागतात आणि पैसा एकही नाही. मग साडेसात हजारांचं बिल होईपर्यंत हे कोणी का सांगत नाही?

कोणी म्हणेल, नवा रोग आहे, लोकांना माहीत नाही. नवा? १८५५ साली इंग्लंडमध्ये बर्कले नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने काकडीच्या मुळावरच्या या गाठींची नोंद केली. १९०१ मध्ये दक्षिण भारतात चहाच्या मुळांवर त्या नोंदल्या गेल्या. घाटावर डाळिंबवाल्याला, पेरूवाल्याला सूत्रकृमी हा शब्द पाठ आहे, कारण त्यांच्या बागा गेल्या. भाजीवाल्याचं एक पीक जातं, तो पुढच्या हंगामाला परत उभा राहतो आणि म्हणतो, यंदा बी खराब निघालं.

आता सरकारी कागदाकडे येऊ. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. तिच्यात १२ रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः काढलीय. माझ्या १२ गुंठ्यांची पत्रिका बघून कोणीही म्हणेल, जमीन ठणठणीत. बाराही रकाने बरोबर आणि शेत आजारी! मातीत काय आहे ते सगळं मोजलं, मातीत कोण आहे ते नाही. भाजीपाला घेणाऱ्या गावांत तरी तेरावा रकाना सूत्रकृमीचा हवा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी रोपांची. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे. भाजीच्या रोपवाटिकेला शेडनेटसाठी, क्रेटसाठी अनुदानाची योजनाही आली. पण बाजारात मातीच्या वाफ्यातून उपटून जुडी बांधून विकायला येणाऱ्या वांग्याच्या रोपाचं मूळ कोण तपासतो? रोपाबरोबर सूत्रकृमी फुकट मिळतो आणि तो एकदा शेतात आला की जात नाही. आपले आजे भाताच्या रोपासाठी राब भाजायचे. वरची माती तापायची, तणाचं बी मरायचं, मग पेरणी. रोपाची जागा आधी स्वच्छ करायची, एवढं त्यांना शाळेत न जाता कळत होतं. आम्ही शिकलेले लोक जुडी घेतो, मुळाचा चिखल झटकतो आणि लावून मोकळे होतो.

आता माझी पाळी.

माझं ते शेत चार वर्षांपूर्वीपर्यंत भाताचं खाचर होतं. भात परवडेना म्हणून माती भरून उंच केलं. पावसाळ्यात मांडवावर शिराळी आणि काकडी, रब्बीत वांगी, उन्हाळ्यात भेंडी. पैसे आले, खोटं बोलत नाही. पण सूत्रकृमीला बारा महिने पंगत वाढून ठेवली. पूर्वी चार महिने चिखल आणि पाणी उभं असायचं. पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि वांगी-टोमॅटोला गाठी करणाऱ्या जाती त्यात तग धरत नाहीत. सगळ्या मरतात असं नाही, पण संख्या पार खाली येते. आभाळ दरवर्षी फुकटात जे औषध देत होतं, ते मीच भर टाकून बंद केलं. पीक संपल्यावर जुनी मुळं उपटून बाहेर काढायचे कष्टही घेतले नाहीत, पॉवर टिलर फिरवला. म्हणजे अंड्यांचे पुंजके शेतभर नीट पसरवले.

आणि सगळ्यात लागणारी गोष्ट. लावणीनंतर माझी दोन-अडीचशे रोपं उरली होती. काकांना म्हटलं, घ्या, वाया कशाला. त्यांनी पाच गुंठ्यात लावली. फेब्रुवारीत त्यांचीही झाडं माना टाकायला लागली. काका आजही म्हणतात, "माझं नशीब." नशीब नाही काका, माझ्या रोपांची मुळं. तुम्हाला तोंडावर सांगायला मला दोन महिने लागले, ते इथे सगळ्यांसमोर कबूल करतो.

यावर दोन प्रकारचे लोक दोन उत्तरं देतील.

पहिले म्हणतील, दाणेदार औषध टाका आणि मोकळे व्हा. कुठलं? फोरेट, ज्याला आपण सरसकट थिमेट म्हणतो, ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोणी जुना साठा हातात देत असेल तर तो तुमच्या जिवाशी खेळतोय. नवी औषधं आहेत, ती लागवडीच्या वेळी कोवळं मूळ काही आठवडे वाचवतात, हे मान्य. पण महाग आहेत, जमीन कायमची साफ करत नाहीत, आणि झाडाने मान टाकल्यावर ओतली तर सुजलेलं मूळ परत बारीक होत नाही. फळं तोडायच्या दिवसांत ओतणं तर गुन्हाच.

दुसरे म्हणतील, बांधावर झेंडूच्या दोन ओळी लावा, सगळं ठीक होईल. हीसुद्धा थापच. झेंडूच्या, आपल्या गोंड्याच्या, मुळात सूत्रकृमीला मारणारं द्रव्य असतं हे खरं. पण त्याचा परिणाम जिथे मूळ पोचतं तिथेच. शेतभर दाट गोंडा, अडीच-तीन महिने, तेव्हा फरक. बांधावरचा गोंडा गणपतीला घाला.

मग करायचं काय? मी यंदा जे करतोय तेच सांगतो.

रोप घेताना जुडीतली चार रोपं बादलीत धुऊन मूळ बघा. बारीकशी गाठ दिसली तरी जुडी परत. कोकोपीटच्या ट्रेमधलं रोप दोन पैसे महाग पडेल, ते घ्या. घरचं रोप करायचं तर एप्रिल-मे मध्ये वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकने महिनाभर घट्ट झाका. काळा कागद नको, त्याने माती तेवढी तापत नाही.

पावसाळ्यात ज्या तुकड्यात पाणी उभं करता येईल तिथे तीन वर्षांतून एकदा तरी भाताचा चिखल होऊ द्या. भात परवडत नाही, मलाही माहीत आहे. त्याला भाताचा तोटा म्हणू नका, पुढच्या वांग्याचा खर्च म्हणून धरा. मात्र भाताचीही स्वतःची गाठ करणारी वेगळी जात आहे. रोपवाटिकेत कोरड्या वाफ्यावर मुळाची टोकं आकड्यासारखी वाकून सुजलेली दिसली तर ती समजा.

उंच जागेवर दसऱ्याला शेतभर गोंडा, नाहीतर तीळ. फुलं विकून झाली की झाडं मुळांसकट तिथेच मातीत गाडा. लावणीआधी करंजाची किंवा निंबोळीची पेंड एकरी ४०० किलोच्या आसपास, शेणखतासोबत. गाठीला दाद न देणारी टोमॅटोची जात कोणी सुचवली तर एक लक्षात ठेवा, तो गुण माती २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो. मार्चनंतर त्यावर विसंबू नका.

आणि शंका आली तर नमुना द्या. किल्ला-रोह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीला विद्यापीठ आहे, तिथे जाऊन विचारा. नेहमीच्या माती परीक्षणाला आपण माती सावलीत वाळवून नेतो. इथे वाळवली की किडे मेले आणि अहवाल कोरा. पाच-दहा झाडांच्या मुळाजवळून वीतभर खोलीची ओली माती आणि थोडी मुळं, प्लास्टिक पिशवीत, उन्हापासून जपून, लगेच पोचवायची.

काकांच्या त्या पाच गुंठ्यात यंदा माझ्या खर्चाने गोंडा होता. दसरा-दिवाळीला फुलं त्यांनी विकली, पैसे त्यांचे. काल झाडं गाडली. जानेवारीत दोघांच्या शेतातली पाच-पाच झाडं खणून मुळं इथे दाखवीन, चांगली निघोत की वाईट.

तुम्हीही ज्या पिकाने मान टाकलीय त्याचं एक झाड खणा. उपटू नका, गाठी मातीत राहतात. मूळ धुवा आणि मग मला फोटो पाठवा. पानाचा नको, मुळाचा.