चाकांवरचें बिऱ्हाड आणि जादा सोयींचा भार

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें जाणतीं माणसें सांगत आलीं आहेत. त्यांत आतां तिसऱ्या एका खटाटोपाची भर घालण्यास हरकत नाहीं. तो म्हणजे चालतें घर विकत घेण्याचा. आमच्या एका वाचक भगिनीच्या पत्रावरून हें आम्हांस सुचलें. बाईंचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त इंग्लंडांत स्थायिक झालीं आहेत. दर उन्हाळ्यांत बाई व त्यांचे यजमान दोन-अडीच महिने तिकडे जाऊन राहतात. चौघांनीं मिळून हिंडावें म्हणून मुलानें एक लहानसें डिझेल मोटारहोम घेण्याचें योजिलें आहे. गाडी पसंत झाली. परंतु वेगळे पैसे देऊन ज्या जादा सोयी बसवून घ्यावयाच्या त्यांची दोन पानी यादी त्यानें घरीं धाडली असून, "आई-बाबांना काय हवें त्यावर खूण करा," असें लिहिलें आहे. खूण कशावर करावी, असा बाईंचा आम्हांस प्रश्न आहे.

हीं वाहनें न पाहिलेल्या वाचकांसाठीं दोन शब्द. युरोपांतील बहुतेक कंपन्या असें घर तळापासून स्वतः बनवीत नाहींत. एखाद्या मोटार-कारखान्याची मालवाहू व्हॅन घेऊन तिच्या पोटांत त्या बिछाना, शेगडी, मोरी, शौचकूप व कपाटें बसवितात. या कामीं इटलींत तयार होणारी फियाट डुकाटो ही व्हॅन सर्वांत अधिक वापरली जाते. मर्सिडीज स्प्रिंटर व फोक्सवॅगन क्राफ्टर यांवरही अशीं घरें उभारतात. डुकाटोचा जो आकार लहान मोटारहोमसाठीं विशेष पसंत करतात तो सहा मीटरांहून किंचित् कमी लांब व आरशांखेरीज २.०५ मीटर रुंद असतो. त्यांतून इंजिनाची व चालकाची जागा वजा केली कीं उरतें तें चाळींतील एका खोलीहूनही कमीच.

ही हौस मात्र आजची नव्हे. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, पूर्वीं आरमारांत वैद्य असलेल्या एका लेखकानें 'वाँडरर' नांवाची घोड्यांची गाडी खास सहलीसाठीं ब्रिस्टल येथें बांधवून घेतली. तिचें वजन सुमारें दोन टन भरे. परंतु स्टेबल्ससाहेबांना गाडी हांकण्यास एक माणूस व चाकरीस दुसरा होता, आणि वजनाची काळजी काय ती दोन घोड्यांनीं करावयाची होती.

आजच्या गाडीमालकाला ती स्वतःच करावी लागते, व आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. ब्रिटनमध्यें १ जानेवारी १९९७ पासून जे मोटार चालविण्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले त्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेंच मोटारहोम चालवितां येतें. त्यापूर्वीं उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः ७,५०० किलोपर्यंतची मुभा आहे. शेजारचे वयस्क इंग्रज गृहस्थ भलें मोठें मोटारहोम हांकतात, म्हणून आपणही हांकूं, असें मानतां येत नाहीं. भारतीय परवाना तेथें स्थायिक होणाऱ्याला पहिले बारा महिनेच चालतो. तो देऊन त्या बदल्यांत ब्रिटिश परवाना मिळत नाहीं, परीक्षा नव्यानें द्यावी लागते. अर्थात् एकविसाव्या शतकांत तिकडे गेलेलीं मराठी कुटुंबें १९९७ नंतरच्या वर्गांतच मोडतात. बाईंच्या चिरंजीवांची गाडीही याच मर्यादेंत बसली पाहिजे.

आणि हे ३,५०० किलो म्हणजे रिकाम्या गाडीचे नव्हेत. माणसें, पाणी, अंथरूण-पांघरूण, डाळ-तांदूळ व लोणच्याची बरणी, सगळें धरून. आतां हिशेब पाहूं. समजा, गाडी चालण्यास सिद्ध असतांनाचें वजन पत्रकांत २,९५० किलो दिलें आहे. त्यांत ७५ किलोंचा चालक व नव्वद टक्के भरलेली डिझेलची टांकी धरलेली असते. उरले ५५० किलो. बाकीचीं तीन माणसें प्रत्येकीं सत्तर किलोंचीं धरलीं तर २१० गेले, उरले ३४०. आतां यादीकडे वळा. दारावरची गुंडाळती कनात ३० किलो, दुसरी बॅटरी २५, छपरावरचें सौर पॅनेल १५, हवा थंड करण्याचें यंत्र ३०, आपोआप बदलणारा गिअर २०, मागची चौकट व तीवर दोन सायकली ५०. हे आंकडे ठोकळमानाचे आहेत, पण फार चुकीचे नाहींत. एकूण १७० झाले, उरले १७०. पाण्याची टांकी शंभर लिटरांची. पत्रकांत बहुधा वीसच लिटर धरलेले, म्हणजे ती पूर्ण भरतांच आणखी ८० किलो गेले. चौघांचे कपडे, बिछाने, भांडीं, शिधा व खुर्च्या यांसाठीं राहिले ९०.

येथवर जमलें असें वाटतें. परंतु पत्रकांतील वजन व प्रत्यक्ष गाडीचें वजन यांत पांच टक्क्यांपर्यंत फरक पडला तरी नियमानें तो क्षम्य आहे. २,९५० चे पांच टक्के म्हणजे सुमारें १४७ किलो. दैवयोगानें गाडी तितकी जड निघाली तर एकही पातेलें आंत न ठेवतां ती मर्यादेच्या ५७ किलो पलीकडे जाते. मग रस्त्यांत पोलिसांनीं कांट्यावर घेतली तर दंड आहे. अपघात झाल्यास विम्याचा तंटा आहे. आणि उतारावर ब्रेकांना व टायरांना त्या दंडाची किंवा विम्याची कल्पना नसते, हें सर्वांत वाईट. म्हणून उरलेली रक्कम देण्यापूर्वीं सर्व सोयी बसविलेली गाडी विक्रेत्याकडून सार्वजनिक वजनकांट्यावर तोलवून घ्यावी, व ही अट आगाऊ लेखी करावी. विक्रेता कुरकुर करील, करूं द्यावी.

आतां खुणांविषयीं. यादींतील थंड हवेचें यंत्र व दूरदर्शन संच यांच्यापुढें "आई-बाबांसाठीं" असें मुलानें स्वतःच लिहिलें आहे. यांत पुत्रप्रेम आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या आई-बाबांसाठीं हें यंत्र छपरावर चढावयाचें, त्यांचींच जागा तें खातें. ब्रिटनमध्यें जुलै २०२२ मध्यें पारा चाळीस अंशांपलीकडे गेला होता हें खरें. पण तसे दिवस थोडे, आणि हें यंत्र बहुधा तळावरील वीज जोडल्यावांचून चालत नाहीं. पुण्या-मुंबईचा उन्हाळा ज्यांनीं सोसला त्यांना छपरांतला पंखा व दोन उघड्या खिडक्या पुरतील. दूरदर्शनाविषयीं बोलण्याचें कारण नाहीं; चौघांच्या चौघांकडे खिशांत पडदे आहेतच.

उलट कांहीं गोष्टींवर निःशंक खूण करावी. पहिली दारापाशीं बाहेर सरकणारी पायरी व धरण्यास दांडी. व्हॅनची जमीन उंच असते, आणि सहलींत दिवसाकांठीं वीस वेळां चढउतार होते. ज्यांचे गुडघे साठ वर्षांचे झाले त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको. दुसरी, गाडीच्याच टांकींतून डिझेल घेणारा हीटर. स्कॉटलंडकडे जून महिन्यांतही रात्र बोचरी असते. शिवाय दुसऱ्या देशांत गेल्यास गॅसच्या टाक्या व त्यांच्या जोडण्या निराळ्या असतात, तर डिझेल सर्वत्र एकच. तिसरा, आपोआप बदलणारा गिअर. वीस किलो गेले तरी अरुंद व चढउताराच्या रस्त्यावर चालकाचें लक्ष वाटेवर राहतें. दुसरी बॅटरी हवीच असेल तर लिथियमची घ्यावी. ती महाग, पण सामान्यतः निम्म्या वजनाची असते. सायकली घरीं ठेवाव्या.

झोंपण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. सहा मीटरांच्या गाडींत पलंग बहुधा मागें आडवा असतो, सुमारें १.९ मीटर लांबीचा. आंतल्या बाजूच्या माणसाला रात्रीं उठावयाचें झाल्यास बाहेरच्याला ओलांडून जावें लागतें. विक्रीच्या दालनांत दिवसाउजेडीं हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. थोडी अधिक लांब गाडी घेतली तर उभे दोन पलंग मिळूं शकतात, आणि वडील मंडळींसाठीं तेंच बरें. चौघांची सोय करावयाची तर वर उचलतें छप्पर घेऊन त्यांत शिडीनें चढावयाचा दुसरा बिछाना मिळतो. परंतु त्याचा भार शंभर किलोंच्या घरांत जातो. तो हिशेबांत बसणारा नाहीं. आमची सूचना अशी कीं, छपरावरचा खर्च वांचवून मुलानें व सुनेनें एक हलका तंबू बाळगावा व आई-बाबांना आंत झोंपूं द्यावें. तरुण जोडप्याला याची अडचण वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं, झालीच तर उलट. प्रवासांत बसण्यासाठीं मात्र पट्ट्यांच्या चार पक्क्या जागा आहेत कीं नाहींत तें आधीं मोजावें. किती निजतील व किती कायदेशीर बसतील हे दोन निराळे आंकडे असतात.

डिझेलविषयीं शंका विचारली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या दिवसांत डिझेल कां? जड घर घेऊन लांब जाण्यास तें अजून सोयीचें आहे, म्हणून. परंतु जुनी गाडी घेतांना ती 'युरो ६' या प्रमाणाची आहे कीं नाहीं हें कागदांवरून पाहावें. लंडनचा धूर-निर्बंधाचा प्रदेश २९ ऑगस्ट २०२३ पासून साऱ्या बृहत् लंडनभर पसरला असून, त्याहून जुन्या धाटणीच्या डिझेल गाडीला तेथें रोजचा कर पडतो. नव्या डिझेल गाडीला ॲडब्लू नांवाचें युरियाचें पाणीही वेगळ्या टांकींत भरावें लागतें. धुरांतली काजळी धरणारी जी गाळणी असते ती जाळून स्वच्छ होण्यास लांब पल्ल्याची धांव लागते. तेव्हां आठवडाभर बाजारहाटाला व महिन्यांतून एकदां सहलीला अशी जिची वांटणी होणार, ती गाडी डिझेलची न घेणें शहाणपणाचें.

स्वयंपाकाविषयीं एवढेंच, कीं फोडणी गाडींत करूं नये. मोहरी-हिंगाचा वास त्या कापडी अस्तरांतून महिनाभर जात नाहीं, आणि पुढें गाडी विकतांना त्याची किंमत मोजावी लागते. कनातीखालीं सुटी शेगडी ठेवावी; आंत वरण-भात, उपमा व चहा.

राहतां राहिलें शौचकूप. त्याची पेटी सुमारें अठरा-वीस लिटरांची असते व ती चौघांत एक-दोन दिवसांत भरते. मग ती ओढून बाहेर काढून तळावरच्या ठरलेल्या जागीं हातानें रिकामी करावी लागते. जादा पैसे देऊन दुसरी पेटी मिळते, पण तीही भरतेच. हें काम कोणीं करावयाचें तें कोणत्याही पत्रकांत छापलेलें नसतें, व सूनबाई तें गृहीत धरून चालणार नाहीं. आधीं तशीच गाडी चार दिवस भाड्यानें घेऊन पाहावी. बाई व यजमान तिकडे असतांनाच घ्यावी, म्हणजे पलंग, पायरी व पेटी या तिन्हींची परीक्षा एकदमच होईल.