दारात पाणी, घागर रिकामी



सुट्टी मजेत चालली आहे ना? आमच्या माहूरला सध्या असं ऊन तापतंय, की रेणुकामातेच्या दर्शनाला आलेली माणसं सकाळी नवाच्या आत गड उतरून खाली येतात. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दुपारी पन्ह्याचा पेला हातात घेऊन पाण्याच्या गोष्टी ऐकाव्यात. म्हणून आज मी तुम्हांला पाण्यावर वसलेल्या दोन शहरांची गोष्ट सांगणार आहे. एक शहर फार दूर, इटलीत. दुसरं आपल्याच मराठवाड्यात. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. बाईसुद्धा चुकतात बरं का!

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. परीक्षा संपली होती. मुलांना गंमत म्हणून मी एका जुन्या दिनदर्शिकेवरचं चित्र वर्गात नेलं. चित्र होतं इटलीतल्या व्हेनिस शहराचं. रस्त्याच्या जागी पाणी, मोटारीच्या जागी नाव, आणि घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या! मुलं चित्रावर तुटून पडली.

मी सांगत गेले, "हे शहर ११८ लहान लहान बेटांवर वसलेलं आहे. बेटांच्या मधून दीडशेच्या वर कालवे वाहतात आणि त्यांच्यावर चारशेहून जास्त पूल आहेत. सगळ्यांत मोठा कालवा इंग्रजी एस अक्षरासारखा वळत वळत शहराच्या मधून जातो. जुन्या शहरात मोटारी नाहीत. दवाखान्याची गाडी म्हणजे नाव, आग विझवणारा बंब म्हणजे नाव, कचरा न्यायचा तोही नावेतूनच!"

"मंग शाळेत बी नावेनंच जायचं?" एकानं विचारलं. सगळे हसले.

मी गोंडोला नावाची काळी, निमुळती नाव दाखवली. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून एकाच वल्ह्यानं ती चालवतो. वल्हं एकाच बाजूला, मग नाव गोल गोल फिरत कशी नाही? तर तिची डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम थोडी रुंद बांधलेली असते. आहे की नाही कारागिरांची हुशारी!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती उन्हाळ्यात रोज शाळेला उशिरा येते, कारण सकाळी हापशावर तिचा नंबर लागायला वेळ लागतो. तिनं विचारलं, "बाई, तिथल्या पोरींना पाणी भरायला लांब जावं लागत नसंल ना?"

मी पटकन म्हणाले, "नाही गं, त्यांच्या तर दारातच पाणी!"

"नशीबवान हायेत," ती म्हणाली आणि खाली बसली.

रात्री जेवताना भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. पहिला घास घेतला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा, व्हेनिसच्या कालव्यांत पाणी आहे ते समुद्राचं! खारट! ते कुणी पिईल तरी का? मी त्या मुलीला चक्क चुकीचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. निकालाच्या दिवशी तिची आई येऊन निकालपत्रक घेऊन गेली. माझी चूक माझ्याजवळच राहिली.

मग मी पुस्तकं काढून वाचायला बसले, की व्हेनिसची माणसं पीत तरी काय होती? जे वाचलं त्यानं मी थक्क झाले. ती माणसं पावसाचं पाणी पीत होती! प्रत्येक चौकात एक मोठा खड्डा खणायचा. त्याला आतून चिकणमातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे खारं पाणी आत झिरपणार नाही. मधोमध विटांची विहीर बांधायची आणि भोवती वाळू भरायची. चौकातल्या फरशीला उतार देऊन जाळीची भोकं ठेवायची. पाऊस पडला की पाणी भोकांतून वाळूत, वाळूतून गाळून विहिरीत! अशा हजारो विहिरी त्या शहरात होत्या. त्यांवर झाकणं असत, आणि ती ठरलेल्या वेळीच उघडत. पाऊस कमी झाला, की ब्रेंटा नदीचं गोडं पाणी नावांत भरून आणायचं आणि विहिरीत ओतायचं. नळाचं पाणी तिथं १८८४ साली पोचलं.

वाचताना मला काय आठवलं असेल सांगा बरं? बरोबर! १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. पहिल्या गाडीत १० डबे आणि ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे तहान लागली, की व्हेनिसला नाव जायची आणि लातूरला रेल्वे आली. तहान मात्र दोन्हीकडे एकच.

आता व्हेनिसला जाणं काही माझ्या पगारात बसणारं नाही. पण मे महिन्यात बहिणीकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जायचं ठरलंच होतं. माहूरहून एस.टी.नं किनवट, किनवटहून रेल्वेनं नांदेड, परभणी, जालना करत गाडी पोचली. माझा भाचा सहावीत आहे. त्याला म्हटलं, "चल, तुझ्या गावातले कालवे बघू."

तो हसायलाच लागला. "मावशी, आमच्या गावात कुठले कालवे? आम्ही तर ड्रममध्ये पाणी भरून ठेवतो!"

"आहेत. फक्त ते दिसत नाहीत. जमिनीखाली आहेत."

आता तो गप्प झाला आणि चपला घालून तयार!

आम्ही गेलो पाणचक्कीला. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ही जागा आहे. एका उंच भिंतीवरून पाण्याची धार खालच्या हौदात पडते. पाण्याच्या जोरावर खालचं लोखंडी चाक फिरायचं, चाकाबरोबर वरची जाती फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. वीज नाही, तेल नाही, बैलसुद्धा नाही! मोठ्या हौदाच्या खाली कमानींचं एक दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात तिथं गारवा असतो. हा हौद आणि भोवतालचं बरंच काम १७४४ च्या सुमाराचं आहे.

"पण मावशी, पाणी एवढ्या उंच भिंतीवर चढलं कसं? पंप तर नव्हता," भाच्यानं विचारलं.

चांगला प्रश्न! तुम्ही गवंड्याकडे पारदर्शक नळी पाहिली असेल. ती पाण्यानं भरून दोन टोकं दोन भिंतींना लावतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं. इथंही तेच. पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून येतं. डोंगर उंच, शहर खाली. मधली वाट बंद नळातून. म्हणून खाली उतरलेलं पाणी शेवटी पुन्हा वर चढतं, पण उगमापेक्षा उंच कधीच नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा त्या भिंतीत उभा आहे!

ही युक्ती या शहरात पाणचक्कीच्याही शंभरेक वर्षं आधीपासून होती. ती आणणारा माणूस म्हणजे मलिक अंबर. त्याचा जन्म आफ्रिकेतल्या हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. या हातातून त्या हातात जात जात तो दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या हिमतीवर निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली त्यानं खडकी नावाच्या खेड्याजवळ नवं शहर वसवलं. तेच हे शहर. आपल्या शिवरायांचे वडील शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत याच मलिक अंबरच्या बाजूनं लढले होते.

शहर वसवलं, पण पाणी? मलिक अंबरनं नदीवर विसंबून न राहता जमिनीच्या पोटातलं पाणी शोधलं. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखाली झिरपत येतं. ते विहिरींतून, चरांतून गोळा केलं आणि विटा-चुन्याच्या भुयारी कालव्यानं शहरात आणलं. याचं नाव नहर-ए-अंबरी. गाळ काढण्यासाठी आत उतरता यावं, म्हणून ठराविक अंतरावर तोंडं ठेवली. शहरात उंच मनोरे बांधले. त्यांना लोक बंबे म्हणत. पाणी बंब्यात वर चढायचं, नळातली कोंडलेली हवा निघून जायची आणि मग ते पुढच्या वस्तीकडे निघायचं. जमिनीखालून आल्यामुळे उन्हानं आटायचं नाही. पुढे आणखीही नहरी झाल्या. शेकडो वर्षं हे शहर त्यांचं पाणी प्यालं.

आम्ही हौदाच्या कठड्याशी बसलो होतो. शेजारी एक आजोबा होते. त्यांनी दखनी बोलीत सांगितलं, की लहानपणी ते गल्लीतल्या बंब्याचं पाणी प्यायचे, आणि तेव्हा इथली धार आतापेक्षा फार जोमानं पडायची. आता नहरींवर घरं झाली, पाये खणताना नळ फुटले, कुठं सांडपाणी शिरलं, कुठं गाळ भरला. आज शहराला पाणी येतं ते पैठणच्या नाथसागरातून. भाचा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कालवा आमच्या पायाखालीच आहे आणि आम्ही ड्रम भरतोय?"

मला उत्तर सुचलं नाही.

व्हेनिसचीही काळजी वेगळी नाही बरं का! तिथं पाणी जास्त होतं, इतकंच. ४ नोव्हेंबर १९६६ ला भरतीचं पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं आणि शहर बुडालं. मग त्या लोकांनी समुद्राच्या तीन तोंडांशी उघडझाप करणारी ७८ पोलादी दारं बसवली. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा भरतीच्या वेळी उचलली आणि शहर कोरडं राहिलं. पाणी जास्त असो की कमी, ज्याची निगा राखू तेच टिकतं.

आणखी एक गंमत. या दोन मुलुखांची ओळख जुनी आहे. निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा एक मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना जहाजात बसून घरातून निघाला, तो थेट हिंदुस्थानात पोचला. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत आपण शिवाजी महाराजांशी बोललो, असं त्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

परवा मी माहूरला परतले. संध्याकाळी हापशाकडे गेले. ती मुलगी रांगेत उभी होतीच, कडेवर घागर. मी म्हटलं, "ऐक गं, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. त्यांच्या दारातलं पाणी खारट होतं. तिथल्या पोरींनाही चौकातल्या विहिरीवर जावं लागायचं."

ती जराशी हसली. "मंग त्या बी रांगेतच उभ्या राहायच्या!" थोडं थांबून म्हणाली, "पण बाई, त्यांनी पाऊस साठवला. आपल्याकडं तर पावसात वरून धो धो पडतं. आपुन काहून नाही साठवत?"

बघा, प्रश्न कसा असावा! त्याचं उत्तर आम्ही तिथंच जमिनीवर काडीनं आकडे मांडून काढलं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळतं. वर्गखोलीचं छत ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरलं, तर ४८ चौरस मीटर झालं. १० मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे ४८० लिटर. थोडं वाया जाईल, ते सोडा. तिची घागर १२ लिटरची. म्हणजे एका पावसात ४० घागरी!

"चाळीस!" ती ओरडली. रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

आता जूनमध्ये शाळा उघडली, की छताला पन्हळ लावून खाली टाकी ठेवायची, असं मी ठरवलं आहे. निदान हात धुवायला आणि झाडांना तरी पाणी होईल. त्या मुलीच्या खेपा लगेच संपणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण सुरुवात तर होईल.

मग या आठवड्याचा तुमचा उद्योग काय? घराच्या छताची लांबी-रुंदी टेपनं मोजा. मापं घेताना छतावर चढू नका, खालून भिंतीच मोजा. एका १० मिलिमीटरच्या पावसात किती घागरी पाणी मिळेल, ते काढा. दुसरं काम आजी-आजोबांबरोबरचं. आपल्या गावातला जुना आड, बारव, तळं किंवा हौद कुठं होता आणि आज तिथं काय आहे, ते त्यांना विचारून वहीत लिहा. बघायला जाल तेव्हा मोठं माणूस बरोबर हवंच.

पालकहो, मुलांची ही वही तुम्हीही वाचा. आणि पन्हळ बसवायचा हट्ट त्यांनी धरला, तर रागावू नका. पहिल्या पावसाचं पाणी छत धुऊन जाऊ द्यावं, त्यानंतरचं साठवावं आणि प्यायचं असेल तर गाळून, उकळून घ्यावं.

चला, आता उन्हं उतरली. अंगणातल्या चिमण्यांच्या वाडग्यात पाणी घालायचं आहे. तुमच्याही दारात एक वाडगं ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई