ओझोन पोस्टरांनी वाचला नाही!

दरवर्षी १६ सप्टेंबर जवळ आला की नोटीस बोर्डावर 'ओझोन वाचवा' पोस्टर स्पर्धेची सूचना लागते. मग रडकी पृथ्वी, तिच्यावर फाटकी छत्री... चित्रं छान असतात हो, पण एका पोस्टरवर रेफ्रिजरंटचं नाव सापडेल तर शपथ!

मित्रांनो, सीएफसी आणणारा थॉमस मिजली हा शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असायचे. गळती झाली की जिवावर बेतायचं. १९२८ च्या सुमारास आलेला हा नवा वायू जळत नाही, विषारी नाही, सहजी विघटन पावत नाही. आणखी काय हवं? पण हा टिकाऊपणाच नडला. तो थेट स्ट्रॅटोस्फिअरपर्यंत पोचतो, तिथे अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खात सुटतो. हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगाला कळली १९८५ मध्ये.

१९८७ चा मॉन्ट्रियल करार यशस्वी झाला, तो काही सगळे देश एकाएकी साधुसंत झाले म्हणून नव्हे. पर्यायी वायू तयार झाले, १९९० मध्ये विकसनशील देशांसाठी निधी ठरला (आपण १९९२ मध्ये सामील झालो) आणि हवेतलं मोजमाप कधी थांबलं नाही. म्हणून तर सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं २०१८ मध्ये उघडकीस आलं, त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधला निघाला आणि मग ते खालीही आलं. २०२२ च्या अहवालानुसार आताची धोरणं टिकली तर अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. तोवर आपण पेन्शनीत!

पण गंमत पुढेच आहे. सीएफसीच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, मात्र पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार. त्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती करावी लागली. आणि आपण? सीओपीची गणितं धडाधड सोडवतो. पण एसी दुरुस्त करताना आतला गॅस फुस्सकन् हवेत सोडला, तर कुणाला काही वाटत नाही.

पोस्टरला बक्षीस खुशाल द्या. पण त्याच दिवशी रेफ्रिजरेशन लॅबमध्ये जुन्या एसीतला गॅस सिलिंडरमध्ये परत भरून घेण्याचं प्रात्यक्षिकही ठेवा. हॉस्टेलची पोरं येतील. सोबत चहा-वडापाव असेल तर नक्कीच!