फ्रेंडलिस्टमधून हाती काय लागतं?

'दिवसभर त्या फेसबुकवर असता, त्यातनं तुम्हाला मिळतं काय?' आमच्या करकंबात (ता. पंढरपूर, जि. सोलापूर) प्रत्येक सुट्टीत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. भलेभले सॉफ्टवेअरवाले इथे ततपप करतात. :) 'टाइमपास' हे मनातलं उत्तर आणि 'नेटवर्किंग' हे इंटरव्ह्यूतलं. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

आधी जे मिळत नाही ते सांगतो. मैत्री मिळत नाही. एक माणूस साधारण दीडशे जणांशीच खरं नातं टिकवू शकतो, असं रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मांडलं. लिस्ट हजाराची केली म्हणून डोकं वाढत नाही. ऑर्कुट २००४ साली आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आमच्या दादा-ताईंनी तिथे एकमेकांना काय काय टेस्टिमोनियल्स लिहिली होती! साईट गेली. ज्यांची मैत्री तिच्याबाहेरही होती, त्यांचीच टिकली.

मग मिळतं काय? तर अर्धवट ओळखी. हसू नका, फार कामाची चीज आहे ही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ साली एक लेख लिहिला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी आणतो तो लांबचा माणूस.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे शिकवायला बोस्टनची गरज नव्हती. त्यांच्याकडे पंढरीची वारी होती. वर्षातून एकदा भेटणाऱ्या परगावच्या माणसाकडून मुलीसाठी स्थळ कळायचं, बियाण्याची चौकशी व्हायची. कार्तिकीला तर जनावरांचा बाजारच भरायचा, अजूनही भरतो. काम झालं, दर्शन झालं, की माणूस आपल्या गावाला परत!

इथेच खरी गोम आहे. वारीत तुम्ही किती तास थांबलात हे विठोबा मोजत नाही. साईट मोजते. आमच्या धंद्यात जे मोजता येतं तेच वाढवलं जातं. फेसबुकने फेब्रुवारी २००९ मध्ये लाईकचं बटण आणलं, कारण लाईक मोजता येतो. तुम्ही किती वेळ होतात, किती वेळा परत आलात, सगळं मोजता येतं. तुमच्या मावसभावाला नोकरी लागली की नाही, याचा कॉलम कुठल्याही डेटाबेसात नसतो. म्हणजे साईटचा फायदा तुम्ही आत थांबण्यात आहे आणि तुमचा फायदा काम घेऊन बाहेर पडण्यात. हे दोन हिशेब एकच समजले, की वेळ गेला म्हणून समजा.

काम घेऊन गेलेला माणूस आमच्या शेजारच्याच माढा तालुक्यात होता. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी व्हिडिओ कॉलवरून परदेशातले वर्ग आपल्या मुलांशी जोडले. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ स्पर्धकांत वाटली. इंटरनेट तुमच्या-आमच्याकडेही तेच होतं की!

आता गावातलीच गोष्ट घ्या. कुणी वारलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ध्या तासात शंभर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडतात. पुण्या-मुंबईत बसलेल्या आम्हाला बातमी लगेच कळते. हा खरा फायदा, तो नाकारू नये. पूर्वी पत्र यायचं तोवर तेरावं उरकलेलं असायचं. पण ते जोडलेले हात त्या घरातल्या म्हातारीला दिसत नाहीत. तिच्या हातात फोनच नसतो. तिला दिसतं ते दारात कोण आलं.

म्हणून माझा हिशेब असा. ज्या पोस्टमुळे तुम्ही कुणाला फोन केलात, कुणासाठी रक्त द्यायला गेलात किंवा शुक्रवारी रात्री टेंभुर्णीमार्गे गावची एसटी पकडलीत, ती जमेच्या बाजूला लिहा. ज्या पोस्टमुळे फक्त पुढची पोस्ट बघितलीत, ती खर्चात. महिनाभर हा हिशेब ठेवून बघा. मग कुणी 'काय मिळतं' विचारलं, तर ततपप होणार नाही.