घड्याळाला लटकलेला माणूस

दोस्तांनो, उंच इमारतीवरच्या भल्यामोठ्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा गोल चष्मेवाला फोटोत पाहिलाय? तो अमेरिकन मूकपटांतला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड. सिनेमा 'सेफ्टी लास्ट', साल १९२३.

आता त्याआधीची गोष्ट ऐका. १९१९ साली फोटो काढून घेताना त्याच्या हातातला 'खोटा' बॉम्ब खरा निघाला! उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. डोळेही जातात की काय, अशी भीती होती. पण पठ्ठ्या परतला! खोटी बोटं बसवलेला हातमोजा घालून पुन्हा कामाला लागला. म्हणजे घड्याळाला तो लटकला, तो आठच बोटांवर! प्रेक्षक मात्र पोट धरधरून हसले.

शूटिंगच्या वेळी खाली गाद्या होत्या बरं का! तुम्ही गच्चीवर प्रयोग करू नका. घ्यायचीच असेल, तर त्याची जिद्द घ्या!