प्रश्नालाही पान देणारे नियतकालिक



२२ डिसेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय गणित दिन साजरा करतो. रामानुजन यांच्या फोटोला हार घालतो, मुलं भाषणं करतात. पण त्यांचा पहिला लेख कुठे छापून आला, हे मुलांना सांगतो का?

तो १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. ही संस्था १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी सुरू केली. ते डेप्युटी कलेक्टर होते, गणित ही त्यांची आवड. १९०९ पासून जर्नल निघू लागले आणि शंभरी ओलांडून आजही सुरू आहे. संस्थेचे ग्रंथालय तर आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजमध्ये होते.

रामानुजन यांच्याकडे तेव्हा पदवी नव्हती. कॉलेजच्या परीक्षेत ते नापास झालेले. त्यांचं लिखाण समजायलाही अवघड होतं. तरी जर्नलने ते छापलं. माझ्या मते या नियतकालिकाचा खरा मान इथेच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या जर्नलमध्ये वाचकांसाठी प्रश्न छापले जात. रामानुजन यांनी एकात एक अडकलेल्या, न संपणाऱ्या वर्गमुळांचा प्रश्न दिला होता. काही अंक निघून गेले, पण उत्तर कोणाकडून आलं नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं : उत्तर ३!

या प्रश्नाचं मूळ आपल्या मुलांनाही दाखवता येतं. फळ्यावर लिहा :

३ × ३ = १ + २ × ४
४ × ४ = १ + ३ × ५
५ × ५ = १ + ४ × ६

पुढची ओळ मुलंच सांगतील, बघा!

आता आपल्या वर्गाकडे पाहू. प्रश्न विचारला की आपल्याला दोन मिनिटांत उत्तर हवं असतं. नाही आलं, तर आपणच सांगून मोकळे होतो. मग विचार करायला मुलांना वेळ मिळणार कधी? आणि परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाच्या डोक्यातला चांगला प्रश्न कोण ऐकणार?

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. शाळेच्या भित्तिपत्रिकेत एक कोपरा गणिताच्या प्रश्नांसाठी ठेवा. प्रश्न मुलांनीच काढावा, खाली नाव त्यांचंच असावं. हुशार-कच्चा असा भेद नको. आणि उत्तराची घाई तर मुळीच नको. आठवडाभर प्रश्न तसाच राहिला तरी राहू द्या.

हार तर आपण दरवर्षी घालतोच. यंदा मुलांच्या प्रश्नांनाही जागा देऊया ना!