सायकलीवरून फटफटीवर

गेली वीस-बावीस वर्षे मी गाण्याच्या शिकवण्या सायकलीवरून केल्या. बडोद्यातील आपली मराठी घरे दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी एवढ्याच परिघात होती, तोवर सायकल पुरेशी होती. पुढे जुने वाडे एकेक करून पडले, मंडळी मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशी चोहीकडे पांगली, आणि त्यांच्या मुलांच्या सारेगमामागे मलाही तेथवर जाणे आले. म्हणून मागल्या वर्षी, पंचेचाळिशी उलटल्यावर, मी फटफटी घेतली. शेजारच्या आजोबांनी तिला याच नावाने हाक मारली, आणि मलाही तेच नाव आवडते.

फटफटी घेताना मी रंग पाहिला, हप्ता पाहिला, पेट्रोल किती खाते ते विचारले. शिरस्त्राण मात्र दुकानदाराने पुढे केले ते निमूटपणे घेतले आणि कोपराला अडकवून घरी आलो. पहिल्या पावसात, सुरसागरच्या वळणावर, सायकलस्वाराच्या जुन्या सवयीने मी वळता वळताच ब्रेक दाबला. पुढचे चाक घसरले. पडताना माणूस हात पुढे करतो, मीही केले. उजव्या तळव्याची साल निघाली, दोन बोटे दुखावली, आणि दीड महिना पेटी बंद राहिली. शिरस्त्राण तेव्हाही कोपरालाच होते. डोके वाचले ते माझ्या शहाणपणाने नव्हे, एवढे मी कबूल करतो.

त्या दीड महिन्यात मला एक साधी गोष्ट उमगली. मी वाहन बदलले होते, पण स्वतः सायकलस्वारच राहिलो होतो. सायकल ताशी पंधरा किलोमीटरने चालते, फटफटी शहरातही सहज पंचेचाळीसने. वेग तिप्पट झाला म्हणून धोका तिप्पट झाला, असे आपण समजतो. पण आघाताचे बळ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते नऊपट होते. एक क्षणभर लक्ष चुकले तर सायकल चार मीटर पुढे जाते, फटफटी साडेबारा. दोन गाड्यांच्या फटीतून अलगद निसटण्याची जी कला सायकलीवर शोभते, तीच फटफटीवर घात करते. वळण्याआधी मान वळवून मागे पाहण्याची सायकलस्वाराची सवय मात्र प्रत्येकाने जन्मभर जपावी.

या विषयाचा एक जुना दाखला आहे. अरबस्तानातील पराक्रमाने प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडात फटफटीवरून जात असताना समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचविण्यासाठी वळले आणि फेकले गेले. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले, आणि पुढे त्यांनी लष्करातील फटफटीस्वार निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. आज आपण जे कंटाळून कोपराला अडकवतो, ते एका शल्यचिकित्सकाच्या हळहळीतून जगभर पोहोचले आहे.

आपल्याकडे मोटर वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ते सक्तीचे आहे, चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या डिसेंबरात शहरी हद्दीत ते ऐच्छिक केल्याची घोषणा राज्यात झाली, तेव्हा आपल्याच घरांतून कसे हुश्श झाले ते मी ऐकले आहे. केंद्राचा कायदा तर कायमच होता. ‘सक्ती कशाला? ज्याचे डोके तो पाहील,’ असे चांगली शिकलेली माणसे म्हणतात. अशांना मी एवढेच विचारतो की, सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीकडे आणि १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठोठावला, तेव्हाची कुरकूर आज कोणाला आठवते? आज त्या सक्तीचा आपण अभिमान सांगतो. काही सक्त्या अशा असतात की, त्यांचे उपकार दुसऱ्या पिढीला कळतात.

आणि डोके झाकण्याचे वावडे आपल्याला कधीपासून झाले? आमच्या घरात दरबारची नोकरी होती. दरबारात उघड्या डोक्याने जाण्याची रीत नव्हती. पगडी नीट बसली आहे की नाही हे आरशात पाहिल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. ती अदब राजासाठी होती. स्वतःच्या डोक्यासाठी, घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी तेवढी अदब पाळायला काय हरकत आहे?

निवडीविषयी दोन शब्द अनुभवाचे. आय. एस. ४१५१ या मानकाचा आय. एस. आय. शिक्का पाहूनच शिरस्त्राण घ्यावे. १ जून २०२१ पासून असा शिक्का नसलेले विकण्यास मनाई आहे, तरी रस्त्याच्या कडेला टोपीवजा माल मिळतोच. तो दंड वाचवतो, डोके नव्हे. खऱ्या शिरस्त्राणात थर्मोकोलसारखा जाड थर असतो. धक्का बसला की तो स्वतः चेपतो आणि मेंदूचा भार हलका करतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेले शिरस्त्राण टाकून द्यावे. डोक्यावर घालून ते हलवावे. गालाची कातडी त्याबरोबर हलली तर माप बरोबर. पट्टा बांधावाच, हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका. गाणाऱ्याने तर तोंड झाकणारेच घ्यावे. जबडा आणि दात हे आपले वाद्य आहे, ते कोठल्याही बाजारात मिळत नाही.

हातमोज्यांना मी पूर्वी हसत असे. आता तळव्याला जाड पट्टी असलेले मोजे घालतो. तबलजी, सतारिये, पेटीवाले, सर्वांनी घालावेत. कोल्हापुरी चपला घालून फटफटी चालवू नये, घोटा झाकणारा बूट असावा. बडोद्याच्या उन्हाळ्यात जाड जाकीट सोसवत नाही हे खरे, पण खांद्या-कोपरांवर गाद्या असलेले जाळीदार जाकीट मिळते, त्यातून वारा खेळतो. उपरणे, ओढणी, पदर चाकाशी जाणार नाही असे आवरून घ्यावेत. ‘त्यात ऐकू येत नाही,’ ही तक्रार मला संगीतशिक्षक म्हणून अनेकदा ऐकवली जाते. मी कानावर जगणारा माणूस आहे. शहरातील वेगाला शिरस्त्राणातून भोंगा नीट ऐकू येतो, हे मी पडताळून पाहिले आहे.

पण खरी चिंता माझी नाही, मुलांची आहे. बारावी झाली की आपण मुलाला हौसेने फटफटी घेऊन देतो. लाखभर रुपये मोजतो, आणि शिरस्त्राणाच्या दीड-दोन हजारांपाशी येऊन घासाघीस करतो. माझ्या एका शिष्याचा गळा असा आहे की दहा वर्षांत एखादाच भेटावा. तो गेल्या महिन्यात उघड्या डोक्याने दारात उतरला. मी त्याला तंबोऱ्याला हात लावू दिला नाही. ‘घरी जा, घालून ये, मग षड्ज लाव,’ असे सांगितले. त्याच्या वडिलांचा फोन आला, ‘मास्तर, गावातल्या गावात एवढे कशाला?’ मी म्हटले, ‘मीही गावातल्या गावातच पडलो होतो.’

तेव्हापासून माझ्या शिकवणीची ती अट आहे. दोन घरांनी शिकवणी बंद केली. माझ्या मिळकतीत तेवढी घट झाली, ती मी सोसतो. बाकीची मुले आता दारात चपलांशेजारी आपापली शिरस्त्राणे ओळीने ठेवून आत येतात. वाचकांपैकी जे शिकवतात, मग गाणे असो, गणित असो की संस्कृत, त्यांनी हीच अट आपल्या दाराशी लावावी, एवढीच माझी विनंती आहे. पोलीस चौकात उभा असतो. गुरूचा शब्द घरापर्यंत जातो.